दुधाचा रकाना

पावती फाडण्याआधी ओळख पटली पाहिजे,
असा नियम. नियम भिंतीवर आहे,
भिंतीला ओल आलीय, चौथं कलम पोपड्यासकट गळून गेलं,
तरी मला पाठ आहे:
दंड पंधराशे, चारापाणी रोजचे दीडशे,
सात दिवसांत मालक आला नाही तर लिलाव.
अर्धा दिवस भरला तरी पूर्ण धरावा.

बामीबाई मढवी, घणसोली गाव,
चौथ्या दिवशी आली. पिशवीतून
सातबारा काढून माझ्यापुढे सरकवला.
म्हटलं, मावशी, हा जमिनीचा.
मला गाईचा कागद हवा,
तिच्या कानातला बिल्ला तुटलाय.
"वाच तं खरा," ती म्हणाली,
"जिथं पकरली ना तिला, तो नंबर हाय यो."

वाचला. सासऱ्याचं नाव. शेरा: वरकस, गवत.
आता तिथे सेक्टरचं उद्यान,
रबरी फरशी, घसरगुंडी,
आणि पाटी: गवतावरून चालू नये.
कबरी चालली नव्हती. तिने खाल्लं होतं.
पण हा मुद्दा माझ्या टेबलाचा नाही.

मागच्या जाळीत तीन कबऱ्या होत्या.
"कबरे, ये गो बाय," तिने हाक दिली.
मग जरा मोठ्याने.
एकीनेही मान उचलली नाही,
मार्केटातून आलेल्या कोबीच्या पाल्यात
तिघींची तोंडं बुडालेली.
"खाताना ती माजंबी आयकत नाय,"
बामीबाई म्हणाली, आणि बाकावर बसली.
आमचे गावाचा पन कोंडवारा व्हता, चावी चुलतसासऱ्याकरं,
आठ आने दंड, नसले तं कोंबरी.
त्याना सोताचे भावाचा बैल पन सोरला नाय.
हे तिने अभिमानाने सांगितलं की रागाने,
मला अजून कळलेलं नाही.

पंच हवेत, म्हणून तक्रारदाराला फोन लावला.
वृषाली टेंभेकर, सोसायटीच्या सचिव,
स्कूटरवरून आल्या, नाकाला रुमाल.
जाळीपाशी एक क्षणही न थांबता म्हणाल्या,
"ही. मधली.
दर अमावास्येला पोळी-गूळ घालते मी हिला,
ही नेहमी डाव्या बाजूने घेते."
पंखा तेवढा फिरत राहिला.
"तक्रार फक्त उद्यानापुरती होती,"
त्या म्हणाल्या, आणि सही करताना
त्यांचं पेन दोनदा अडलं.

वहीत लिहिलं: रंग कबरा. शिंगे दोन.
ओळख पटवणार: तक्रारदार.

बामीबाईने शंभराच्या एकवीस नोटा मोजल्या,
शेवटची जरा चोळून पाहिली.
दावं तिने घरूनच आणलं होतं.
गळ्यात अडकवलं, मग खाली वाकली,
कासेला उलटा तळहात लावला,
ताप बघतात तसा.
"घरी वासरू हाय, वीस दिसांचा.
त्याला मी बाटलीन पाजतंय.
चार दिस यो दूध कुनाचे पोटान गेला?"

मी भिंतीकडे पाहिलं.
दंड आहे, चारा आहे,
शेण कंत्राटदाराचं, तेही आहे.
दुधाचं काही नाही. गळालेल्या कलमातही नव्हतं.
मुकादम तंबाखू मळत बाहेर गेला,
मघाशीच मळून झालेली.

चार दिवस आमच्या टेबलावरचा चहा दाट होता.
तेव्हाही कप तिथेच होता, अर्धा,
वर साय सुरकुतलेली.
बामीबाईने तो पाहिला. पाहत राहिली.
"पावती दे, बाला," इतकंच म्हणाली.
पावतीवर माझा अंगठा ओला उमटला.

दुसऱ्या दिवशी चहा कोरा आला.
कुणी काही बोललं नाही.
साडेअकराला गाडी लागली,
पुढची नोंद: म्हैस, एक, ऐरोली नाका.
समासात मी लिहिलं: दुभती.
त्या शब्दाला रकाना नव्हता,
म्हणून तो जरा तिरका गेलाय.